हो ला हो

१

बाईंनी आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या. वर्गात मुलांच्या, स्टाफरूममध्ये हेडमास्तरांच्या आणि घरी नवऱ्याच्या, म्हणजे नानांच्या. लग्नाची पत्रिका हातात पडली की आधी शुद्धलेखन आणि मग वधूवर, असा त्यांचा क्रम होता. नाना गमतीनं म्हणायचे, "माझ्या मृत्यूची बातमी छापायच्या आधी हिला दाखवा, नाहीतर मला परत उठून छापखान्यात जावं लागेल."

अशा बाईंना डॉक्टरांनी सांगितलं की आता नानांना खोडायचं नाही. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. "सूर्य पश्चिमेला उगवला म्हणाले, तर म्हणायचं, हो, आज जरा लवकरच उगवला. वाद घातला की ते घाबरतात. घाबरले की आणखी विसरतात."

औषध नानांना होतं आणि पथ्य बाईंना. सुरुवातीला ते फार जड गेलं. नाना म्हणत, आज ऑफिसला जायचंय; बाई म्हणत, हो. पाणीपुरवठा खात्यानं त्यांना निरोपाचा हार घालून किती वर्षं झाली होती, हे सांगायला जीभ शिवशिवायची. ती दाताखाली धरायची. मग हळूहळू सवय झाली. इतकी, की दूधवाला काही विचारायला लागला तरी तोंडातून आधी हो बाहेर पडायचं आणि प्रश्न नंतर ऐकू यायचा.

नाना आधी चष्मा विसरले, मग शेजारी, मग मुलगा. शेवटी बाईंनाही. घरात एक सभ्य बाई वावरते आणि ती जेवायला वाढते, एवढंच त्यांच्या हिशेबी उरलं. 'अगं' म्हणून हाक मारणं त्यांनी कधी सोडलं, ते बाईंना नेमकं सांगता आलं नसतं. दिवा गेलेला कळतो. उजेड कमी होत गेलेला कळत नाही.

मुलानं नानांसाठी एक संस्था बघून ठेवली होती. बाग होती, नर्स होत्या, दाराला बाहेरून कडी होती. "आई, तू पण माणूस आहेस ना?" असं म्हणून त्यानं पुढच्या महिन्यापासूनची जागा पक्की केली. आणि त्याआधी 'दोघांना जरा बदल' म्हणून एका डोंगराळ बेटावर चार दिवस पाठवून दिलं. कापायच्या आधी बकऱ्याला हार घालतात, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी मनाशी ठरवलं, की हा प्रवास नानांनी नीट पार पाडला, की परत जाऊन मुलाला स्पष्ट सांगायचं : ते घरातच राहतील. मी बघते.

म्हणून शेवटच्या दिवशी हॉटेलवाल्यानं जीपमधून दिवसभर डोंगर फिरवून आणायची गोष्ट काढली, तेव्हा शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. बाई हो म्हणाल्या.

२

जीपला छत होतं, पण बाजू उघड्या होत्या. पुढे ड्रायव्हरशेजारी एक म्हातारी आधीच बसली होती, गुडघे दुखतात म्हणून. मागे तिचा जावई. तो विम्याचा एजंट होता आणि हे त्यानं नमस्काराच्याही आधी सांगितलं. बायको पोट बिघडून हॉटेलात पडली होती, त्यामुळे सहल सासू-जावयाच्या वाट्याला आली होती. दोघांच्या तोंडावर ते दिसत होतं.

बाईंनी सुरुवातीलाच सगळ्यांना विश्वासात घेतलं. नाना समुद्राकडे बघत होते तेवढ्यात आवाज बारीक करून म्हणाल्या, "यांच्या जरा लक्षात राहत नाही हल्ली. काही बोलले तर फक्त हो म्हणा."

"सोप्पं आहे," विमेवाले म्हणाले. "मी घरी तेच करतो."

"कुठं करता?" सासूबाई पुढूनच म्हणाल्या. "केलं असतं तर माझी पोरगी अशी सुकली असती का?"

"हो, सासूबाई."

ड्रायव्हर हसला. पन्नाशीचा, रापलेला, बोलका माणूस. "वर रस्ता आहे का हो?" बाईंनी विचारलं, तर म्हणाला, "बाई, रस्ता असता तर तुम्ही मला कशाला बोलावलं असतं?"

बंदरामागची शेवटची घरं संपली आणि डांबर संपलं. मग जे काही होतं ते दगड, चाकोऱ्या आणि ड्रायव्हरचा विश्वास. जीप एका अंगावर कलायची, धडपडून सावरायची आणि लगेच दुसऱ्या अंगावर कलायची. विमेवाले दर वळणाला बाईंच्या खांद्यावर येत आणि दर वळणाला माफी मागत. बाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. एक डोळा नानांवर होता. घाबरले तर काय करायचं, याची तयारी म्हणून पिशवीत त्यांच्या आवडत्या गोड गोळ्यांची बरणी होती.

नाना घाबरले नव्हते. त्यांनी दांडी धरलीच नव्हती. हात मांडीवर ठेवून ते आरामात बसले होते आणि वळण आलं की बरोबर त्या बाजूला झुकत होते.

बऱ्याच वेळानं बाईंच्या लक्षात आलं, की ते वळण आल्यावर झुकत नाहीत. आधी झुकतात. आधी नाना कलायचे आणि मग जीप. रोजच्या बसमधला रोजचा माणूस झोपेतसुद्धा झुकतो, तसे.

पुढे वाट फुटली. ड्रायव्हरनं उजवी धरली. "उजवीकडे दरड आलीय," नाना म्हणाले. "खालून चला."

"हो, काका," ड्रायव्हर म्हणाला आणि उजवीकडेच गेला. पढवलं होतं तसं.

वळणापलीकडे वाट दगडमातीनं भरून गेली होती. ओली माती होती. एक झाड मुळं वर करून पडलं होतं, आणि त्याची पानं अजून हिरवी होती. ड्रायव्हर खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काल तर नव्हती," तो म्हणाला आणि जीप मागे घेऊन त्यानं खालची वाट धरली.

बाईंनी कारण शोधलं. कारण सापडल्याशिवाय गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सकाळी हॉटेलात कुणीतरी बोललं असणार. नानांच्या कानावर पडलं असणार. विसरणाऱ्या माणसाच्या डोक्यात कधीकधी नको ते नेमकं राहतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

कारण चांगलं होतं. बाईंनी त्याला मनातल्या मनात दहापैकी सहा गुण दिले.

३

दुपारी एका पठारावर थांबले. सगळं बेट पायाखाली होतं आणि चहूकडे समुद्र. पाव, उकडलेली अंडी, केळी. बाई नेहमीप्रमाणे नानांसाठी अंडं सोलायला गेल्या, तर नानांनी ते हातातून घेतलं. दगडावर आपटून, नखानं पापुद्रा उचलून, अखंड सोललं. मीठ लावलं. आधी सासूबाईंपुढे धरलं.

"संस्कार म्हणतात ते हे," सासूबाई जावयाकडे बघून म्हणाल्या.

बाईंच्या हातातला पाव तसाच राहिला. गेलं वर्षभर नानांना अंडं म्हणजे काय, ते कुठून फोडायचं, हे समजत नव्हतं. आज शर्टाचं वरचं बटणही त्यांनी स्वतः लावलं होतं, गार वारा सुटल्याबरोबर. डोंगराची हवा, बाईंच्या मनात आलं. आणि त्यामागोमाग : मुलाला सांगता येईल. बघ, म्हणावं. संस्था कशाला हवी?

"वारा संध्याकाळी फिरतो आमच्याकडे," नाना म्हणाले. आवाज स्वच्छ होता. ऑफिसात असताना होता तसा.

"हो," बाई म्हणाल्या.

"फिरला की सगळा धूर घरात. म्हणून मागची खिडकी बुजवून टाकली."

"हो, बरं केलंत." त्यांचं सगळं आयुष्य तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेलं होतं. तिथे धूर फक्त शेजाऱ्याच्या सिगारेटचा यायचा.

ड्रायव्हर केळं खायचा थांबला. "काका, तुम्ही आधी आलायत काय हो इथं?"

बाई उत्तर देणार होत्या. नाना याआधी आयुष्यात कधी समुद्र ओलांडून गेले नव्हते. ऑफिसच्या सहलीला त्यांना हटकून ताप यायचा. पण नानांनीच उत्तर दिलं. "आलायत म्हणजे काय? इथलाच मी."

"हो, हो!" विमेवाले म्हणाले. "हो तर!" सासूबाई म्हणाल्या. ड्रायव्हरही हसून हो म्हणाला. वर्गानं एका सुरात पाढा म्हणावा तसा तो होकार पठारावर घुमला.

मग एकदम शांत झालं. वारा पडला. गवतात किर्र करणारं जे काही होतं ते थांबलं.

बाईंना ही शांतता ओळखीची होती. ओरडणारा वर्ग आपोआप गप्प होतो, तेव्हा दारात कुणीतरी येऊन उभं राहिलेलं असतं. बाईंनी सवयीनं मागे वळून पाहिलं. उतार होता. उतारावर एक पडकी दगडी भिंत होती. आणखी काही नव्हतं.

"चला," नाना उठत म्हणाले. "उशीर झाला तर वाट बघत बसतील."

"हो," बाई म्हणाल्या. कोण, हे विचारायचं राहून गेलं.

४

सहलीतलं शेवटचं ठिकाण म्हणजे वरचं ओस पडलेलं गाव. त्यात गूढ काही नव्हतं. "शाळा खाली, दवाखाना खाली, नोकऱ्या खाली," ड्रायव्हर म्हणाला. "वर राहून माणसं काय ढग खाणार? गेली एकेक करून. फोटो काढा, पाय मोकळे करा. धुकं चढायच्या आत निघू. हॉर्न वाजवला की या."

घरं दगडी, ठेंगणी. छपरं बसलेली, दारांत झुडपं उगवलेली. विमेवाले सासूबाईंचा फोटो काढत होते आणि सासूबाई "पोट दिसता कामा नये" असं बजावत होत्या. तेवढ्यात नाना चालू लागले. भरभर. घरात जे पाय उंबऱ्याशी अडखळत, ते त्या दगडांतून न बघता नेमके पडत होते. बाई मागून धापा टाकत निघाल्या.

टोकाचं एक घर शाबूत होतं. नाना चौकटीपाशी खाली वाकले, आत गेले, आणि बाई पोचल्या तोवर त्यांनी बुटाच्या नाड्या सोडून बूट भिंतीशी जोडीनं लावून ठेवले होते. डोक्यावरची लोकरी टोपी काढून त्यांनी हात मागे नेला. दाराशेजारी खुंटी होती. टोपी तिच्यावर बसली. नानांनी खुंटीकडे पाहिलंही नव्हतं.

खोली लहान होती. फरशीवर धूळ नव्हती. भिंतीला लागून लाकडी बाक होता, आणि बाकाच्या मधोमध बसून बसून खोलगट झालेली जागा. मागच्या भिंतीत खिडकीचा चौकोन होता, दगडांनी बुजवलेला. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागे कुणीतरी एक भांडं खाली ठेवलं. हळू. पाहुण्यांना आवाज जाऊ नये म्हणून ठेवतात, तसं.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

राखणदार असेल. एखादं चुकलेलं जनावर असेल. पण जनावर भांडं ठेवत नाही, आणि राखणदाराला लपायचं कारण नाही. या वेळी बाईंना गुण देता येईनात.

नाना बाकावर बसले. त्या खोलगट जागेत ते साच्यात बसावं तसे बसले. "माझं घर," ते म्हणाले.

"हो."

"चांगलं आहे ना?"

"हो, छान आहे. चला आता."

नानांनी वर पाहिलं. नीट, ओळखून पाहिलं. ते डोळे बाईंनी फार दिवसांत पाहिले नव्हते.

"अगं," नाना म्हणाले.

बाई मटकन खाली बसल्या, बाकाच्या कडेवर.

"अगं, मला घरातून पाठवणार नाहीस ना?"

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मुलगा आणि आपण बंद दाराआड बोलत होतो, ते सगळं. चष्मा विसरला, मुलगा विसरला, आणि हे तेवढं राहिलं. "नाही हो. कुठं पाठवीन मी तुम्हाला?"

"मग मी इथंच राहू?"

आपण कुठे बसलो आहोत, ते बाईंना पुरतं ठाऊक होतं. हे घर ते घर नव्हे, हेही ठाऊक होतं. वाक्य तपासून मगच खाली सही करणारी ती बाई होती. पण समोर नाना होते, खरे, पूर्ण, वर्षभरानं आलेले. आणि खोडलं की ते घाबरतात. घाबरले की जातात.

"हो," बाई म्हणाल्या. "इथंच राहा."

आतल्या खोलीत कुणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडला.

मग पावलं. अनवाणी, सावकाश, फरशीवरून दाराकडे येणारी. दाराखाली उजेडाची एक चीर होती. तिच्यात दोन काळे ठिपके येऊन थांबले.

खालून जीपचा हॉर्न वाजला.

५

बाईंनी नानांचा हात धरला आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. अंगणात उजेड होता, लांबवर विमेवाल्यांचं हसणं ऐकू येत होतं. बाईंना स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मुलांना भुतांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं, आणि आता हे.

"बूट," नाना म्हणाले. पायांत मोजेही नव्हते.

"हो की. घाला पटकन. मी इथंच आहे."

नाना वाकून आत गेले. बाई दारातून दोन पावलं लांब उभ्या राहिल्या. आत जायला हवं होतं, हे त्यांना नंतर वाटलं. आत्ता पाय उचलत नव्हते.

आत नाड्या ओढल्याचा आवाज. मग बोलणं. हलक्या आवाजात कुणी काहीतरी विचारत होतं, आणि दुसरा हो म्हणत होता. विचारणं, हो. विचारणं, हो. दोन्ही आवाज नानांचेच होते. नाना हल्ली एकटे बोलत असत, म्हणून त्याला कारणही होतं.

नाना बाहेर आले. नाड्यांच्या गाठी घट्ट, दोन्ही बाजू सारख्या. डोकं उघडं.

"टोपी राहिली का आत?" बाई म्हणाल्या.

"हो," नाना म्हणाले. आणि उभेच राहिले.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. बाईंनी त्या दाराकडे पाहिलं. टोपी काय, दुसरी विणता येईल. त्यांनी नानांचा हात धरला. हात कोरडा आणि उबदार होता. आजारपणात तो कायम गार असायचा.

६

उतरताना धुकं बरोबर उतरू लागलं. विमेवाले झोपले. सासूबाई "गाडी आहे की जातं?" म्हणून कुरकुरत होत्या. बाई नानांकडे बघत होत्या.

नाना आता वळणाआधी झुकत नव्हते. वळण आलं की सगळ्यांसारखे फेकले जात होते, आणि त्याची त्यांना मौज वाटत होती. ते जीपची दांडी चाचपत होते. स्वेटरची चेन वर नेत, खाली आणत. खाली समुद्राकडे पाहिलं, की उतावीळ मुलासारखे पुढे सरकत.

एका मोठ्या वळणावर दरीपलीकडचं धुकं फाटलं. वरचं गाव समोर आलं. टोकाचं घर. पायरीवर कुणीतरी बसलं होतं. उंच, थोडं वाकलेलं. डोक्यावर टोपी. अनवाणी पाय गार दगडावर जुळवून ठेवलेले, आणि कपाळाशी हात धरून ते खाली वाटेकडे बघत होतं. घरी यायला कुणाला उशीर झाला की बघतात, तसं.

धुकं मिटलं.

कुणी धनगर असेल, त्याला टोपी सापडली असेल. बाईंनी कारण पूर्ण होऊ दिलं नाही. त्या शेजारी वळल्या. "आपण कालच आलो ना इथे?"

"हो," नाना म्हणाले.

"आपल्याला मुलगीच आहे ना एकुलती एक?"

"हो."

"आणि माझं नि तुमचं कधी लग्न झालंच नाही ना?"

"हो," नाना मऊ आवाजात म्हणाले आणि त्यांनी बाईंच्या हातावर हलकेच थोपटलं. खोडू नये असं शिकवलेलं माणूस थोपटतं, तसं. बाईंना ते थोपटणं ओळखता आलं. त्या स्वतःच रोज करत असत.

गप्प बसणं सोपं होतं. शेजारी बसलेल्या माणसाला नाड्या बांधता येत होत्या, चेन लावता येत होती, विचारलं की तो बोलत होता. याला बघून मुलगा आनंदानं रडला असता. संस्थेचं नावही पुन्हा निघालं नसतं. नाना घरातच राहिले असते, ठरवलं होतं तसे.

पण वर पायरीवरचे ते पाय अनवाणी होते. आणि त्या माणसाला गार लागलं तर पांघरूण मागायचं असतं, हेसुद्धा आठवत नाही.

"गाडी थांबवा!" बाई ओरडल्या.

विमेवाले दचकून जागे झाले. "काय झालं? काय झालं?"

"मागे फिरवा. आपण यांना वर विसरलोय. वर बसलेत ते. एकटे बसलेत!"

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. बाईंकडे, मग त्यांच्या शेजारी बसलेल्या नानांकडे.

नाना पुढे झुकले. आवाज बारीक करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, सभ्यपणानं म्हणाले, "त्यांच्या जरा लक्षात राहत नाही हल्ली. फक्त हो म्हणा."

विमेवाल्यांनी हळूच मान खाली घातली. सकाळी त्यांना कुणाबद्दल नेमकं काय सांगितलं होतं, ते आठवायचा ते प्रयत्न करत असावेत. सासूबाई मागे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच टोमणा नव्हता.

"हो, बाई," ड्रायव्हर म्हणाला. फार प्रेमानं म्हणाला. "थांबवतो हं. हो."

आणि गिअर बदलून त्यानं जीप उतारावर मोकळी सोडली.